बॉक्समधून येणारा युरोप

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या महिन्याच्या खर्चात अलीकडे एक नवी ओळ दिसू लागली आहे. ठरलेल्या तारखेला कार्डावरून पैसे कापले जातात आणि आठवडाभरात दारात एक बॉक्स येऊन पडतो. आत नेमकं काय आहे ते आधी कळत नाही. माल युरोपातला आहे, एवढीच हमी असते. कधी इटलीची बिस्किटं, कधी पोलंडची चॉकलेटं, कधी पोर्तुगालचा माशांचा डबा, कधी स्पेनची मिरचीपूड. मुलं त्यावर तुटून पडतात, पाहुण्यांपुढे काही वेगळं ठेवता येतं आणि नातेवाइकांना भेट पाठवायची तर फक्त पत्ता बदलला की काम होतं.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी निरनिराळ्या कंपन्यांचे असे बॉक्स येऊन गेले. काही मनापासून आवडले, काही बंद केले. ओळखीतलं कोणी ना कोणी नेहमी विचारतं, ‘घ्यावा का?’ त्याचं उत्तर देण्याआधी हा सगळा प्रकार मुळापासून पाहायला हवा. माझं मत मात्र आधीच सांगून टाकते. बॉक्सवाल्याचं खरं काम चांगला माल निवडणं आणि त्याची खरी माहिती देणं हे आहे. माल कोणी केला, कुठे केला, कधी केला, हे जो सरळ सांगतो त्याचा बॉक्स जरूर घ्यावा. जो सांगत नाही, त्याचा माल कितीही सुंदर कागदात गुंडाळलेला असला तरी घेऊ नये.

तुमचे पैसे जातात कुठे

दुसऱ्याने निवडलेली वस्तू दरमहा घरी मागवायची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ १९२६ साली सुरू झाला. आताची लाट मात्र २०१० सालची. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये बर्चबॉक्सने सौंदर्यप्रसाधनांचे छोटे नमुने दरमहा पाठवायला सुरुवात केली. ते चालतंय म्हटल्यावर मोजे, खेळणी, कुत्र्यांचा खाऊ, सगळ्यांचेच बॉक्स निघाले. या धंद्याची अडचणही लवकरच दिसली. स्वयंपाकाचं सामान मोजून-मापून घरी पाठवणारी ब्लू एप्रन ही कंपनी २०१२ मध्ये निघाली, २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतावा लागतो आणि मिळालेलं गिऱ्हाईक काही महिन्यांत कंटाळून निघून जातं, हे या धंद्याचं कायमचं दुखणं आहे.

युरोपीय खाऊच्या बॉक्सलाही ते चुकलेलं नाही. तुम्ही दिलेल्या पैशांतून जाहिरात, पुठ्ठा, गोदामाचं भाडं, आयातदाराचा नफा आणि घरपोच करण्याचा खर्च वजा करा. उरेल त्यात माल बसवायचा असतो. म्हणून स्वस्त बॉक्समध्ये वेफर्स, चिप्स, गोळ्या आणि बिस्किटं जास्त येतात. ती हलकी असतात, टिकतात आणि बॉक्स भरल्यासारखा दिसतो. काचेची बाटली, पत्र्याचा डबा, मधाची बरणी या वजनदार वस्तू असतात; त्या टाकणारा बॉक्सवाला स्वतःच्या नफ्याला कात्री लावत असतो. वस्तूंची संख्या मोजण्याआधी हे लक्षात ठेवावं.

दोन वाटा

युरोपचा माल अमेरिकेतल्या दारापर्यंत दोन वाटांनी येतो. पहिल्या वाटेने जर्मनी, नेदरलँड्स किंवा इटलीतला दुकानदार तिथेच बॉक्स भरतो आणि टपालाने थेट तुमच्या नावावर पाठवतो. दुसऱ्या वाटेने आयातदार कंटेनरने घाऊक माल आणतो आणि बॉक्स अमेरिकेतल्या गोदामात भरला जातो.

पहिली वाट अनेक वर्षं सोपी होती. २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर अमेरिकेत जकात लागत नसे. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवण्यात आली. जकात कोणी गोळा करायची, कशी भरायची, याचा पत्ता नसल्यामुळे युरोपातल्या अनेक देशांच्या टपाल सेवांनी अमेरिकेला जाणारी मालाची पार्सलं काही काळ बंद ठेवली. त्याची झळ आपल्यालाही लागली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं थांबवली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, म्हणजे दिवाळी अगदी तोंडावर आली तेव्हा. घरून येणाऱ्या फराळाची वाट पाहणाऱ्या कितीतरी कुटुंबांना त्या वर्षी खाजगी कुरिअरचे चढे दर मोजावे लागले. लहान युरोपीय दुकानदारांचं दुखणं नेमकं हेच होतं: जकात, तिची कागदपत्रं आणि कुरिअरचा खर्च धरला की नाकापेक्षा मोती जड.

त्यामुळे आता दुसरी वाट जास्त चालते. तिचा फायदा असा की बॉक्स वेळेवर येतो आणि जकातीचं झंझट तुमच्या गळ्यात पडत नाही. तोटा ताजेपणाचा. माल समुद्रमार्गे येतो, गोदामात थांबतो आणि मुदत संपत आलेला माल बॉक्सवाल्याला स्वस्तात मिळतो. म्हणून बॉक्स उघडल्यावर पहिल्यांदा तारीख पाहावी. युरोपात आधी दिवस, मग महिना लिहितात, अमेरिकेत उलट. पाकिटावर ०५.०८.२६ असेल तर ती ५ ऑगस्ट आहे, ८ मे नव्हे. भारतातून आलेल्या माणसाला ही पद्धत सवयीची आहे, पण इथे वाढलेली मुलं हमखास फसतात.

उन्हाळ्यात चॉकलेट कुठल्याही वाटेने आलं तरी धोका आहे. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळतं. वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढरट थर येतो. ते खाल्ल्याने अपाय होत नाही, पण त्याची चकाकी आणि मऊ विरघळणं जातं. चांगले बॉक्सवाले जून ते ऑगस्ट चॉकलेट टाकतच नाहीत किंवा बर्फाची पिशवी घालून पाठवतात. हा प्रश्न नाव नोंदवण्याआधीच विचारून घ्यावा.

कायद्याची चाळण

युरोपातलं सगळंच बॉक्समध्ये येऊ शकत नाही. किंडर सरप्राइज हे खेळणं पोटात असलेलं चॉकलेटचं अंडं अमेरिकेत विकायला बंदी आहे, कारण १९३८ च्या अन्नकायद्यानुसार मिठाईच्या आत न खाण्याजोगी वस्तू चालत नाही. आपल्याकडेही ओळखीचं असलेलं किंडर जॉय मात्र चालतं, कारण त्यात खेळणं आणि खाऊ वेगवेगळ्या खणांत असतात. कच्च्या दुधाचं चीज किमान ६० दिवस मुरलेलं असावं लागतं. म्हणून किमान १२ महिने मुरणारं पार्मिजानो रेज्जानो येतं, पण फ्रान्समधलं कच्च्या दुधाचं कोवळं ब्री येत नाही. मांसाचे पदार्थ टपालाने मागवणं तर जवळपास विसरूनच जावं.

ब्रिटनमध्ये बनलेलं कॅडबरी अमेरिकेत येत नाही, यामागे व्यापारी करार आहे. अमेरिकेत कॅडबरीचं नाव वापरण्याचा हक्क हर्शीकडे आहे आणि २०१५ मध्ये ब्रिटिश माल आणणाऱ्या एका मोठ्या आयातदाराशी झालेल्या तडजोडीनंतर ती आयात आटली. ज्यांचं बालपण कॅडबरीवर गेलं, त्या मराठी माणसांनी बॉक्समध्ये ते सापडेल अशी आशा धरू नये.

ब्रिटन आणि युरोप यांच्यातही आता भिंत आहे. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला मनाई करण्यात आली. पाळीव जनावरांमधला लाळ्या-खुरकत हा रोग पसरू नये, हे त्यामागचं कारण. पॅरिसहून चीज घेऊन लंडनला परतणाऱ्या आपल्या लोकांना तो नियम सीमेवरच कळला.

चव कशाची लक्षात राहते

आता प्रत्यक्ष मालाकडे वळू. ‘युरोपचं चॉकलेट भारी’ हे आपण डोळे झाकून म्हणतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार मिल्क चॉकलेटमध्ये किमान २५ टक्के कोको घन पदार्थ लागतात, तर अमेरिकेत किमान १० टक्के चॉकलेट लिकर, म्हणजे दळलेल्या कोको बियांचा लगदा, पुरतो. मोजण्याची पद्धत वेगळी असली तरी फरक जिभेला जाणवतो. पण युरोपात कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालते, अमेरिकेत ‘मिल्क चॉकलेट’ म्हणायचं तर ती चालत नाही. त्यामुळे युरोपचा शिक्का पाहून समाधान मानू नये, घटकांची यादी वाचावी.

बिस्किटांत दोन गोष्टी वाखाणण्यासारख्या. नेदरलँड्सच्या गाउदा शहराचं स्ट्रूपवाफल, म्हणजे दोन पातळ वेफरांच्या मध्ये पाकाचा थर. ते गरम चहाच्या कपावर झाकणासारखं ठेवायचं. वाफेने पाक मऊ होतो आणि मग त्याची खरी चव कळते. दुसरी म्हणजे न्यूरेंबर्गचं एलिझेन लेबकुखन. त्यात किमान २५ टक्के दाणे-बदामांचा भाग असावा आणि पीठ १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आहे. दालचिनी, लवंग, वेलची यांचा वास आपल्या नाकाला लगेच ओळखीचा वाटतो.

डच आणि फिनिश गोळ्या मात्र सगळ्यांना झेपत नाहीत. त्यांत ज्येष्ठमधाचा अर्क असतो आणि खारट प्रकारांत नवसागरही असतो. घशासाठी ज्येष्ठमध चघळणाऱ्या आजीला त्या आवडू शकतील, पण रक्तदाब असेल तर जपून. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनचं प्रमाण जास्त असलेल्या पाकिटावर युरोपात तशी सूचना छापावीच लागते.

आमच्या स्वयंपाकघरात कायमची राहिली ती स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागातली पिमेंतोन दे ला वेरा. या लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दोनेक आठवडे सुकवतात आणि मग दळतात. अमेरिकेत बहुतेक घरांत विजेची शेगडी. वांगं जाळावर भाजायची सोय नाही. ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याच्या भरतात ही पूड अर्धा चमचा घातली की धुराचा वास येतो आणि गावाकडच्या चुलीवरच्या भरताच्या खूप जवळ जातो. पोर्तुगालच्या मातोझिन्योश बंदरातल्या पिन्याइश या १९२० सालच्या कारखान्याच्या सार्डिनचंही तसंच. तेलात मिरची, लवंग, तमालपत्र, गाजराची चकती. आणि डबा हातानेच कागदात गुंडाळलेला. कोकण-गोव्याच्या माणसाला तारलीची चव सांगायला नको. गरम भात, वरून हे तेल आणि लिंबू, बाकी काही लागत नाही.

शिक्का आणि चिठ्ठी

युरोपीय मालाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे गावाच्या नावाला दिलेलं कायद्याचं संरक्षण. १९९२ पासून युरोपात त्यासाठी सामाईक कायदा आहे. लाल-पिवळा गोल शिक्का असेल तर मालाचं उत्पादन, प्रक्रिया आणि तयारी ठरलेल्या प्रदेशातच झालेली असते. निळा-पिवळा असेल तर त्यातला एखादा टप्पा तिथे झाला तरी पुरतं. आपल्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन याच जातीचं आहे, आणि परजिल्ह्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो तेव्हा काय होतं हे मराठी गिऱ्हाइकाला नीट ठाऊक आहे. दार्जिलिंग चहालाही २०११ पासून युरोपात असं संरक्षण आहे.

या शिक्क्यांमुळे बॉक्सवाल्याची परीक्षा घेता येते. एका बॉक्समध्ये मोडेनाच्या बाल्सामिक व्हिनेगरची बाटली आली. सोबतच्या चिठ्ठीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली लाकडी पिंपं, बारा वर्षांचं मुरणं, असं सगळं रसभरीत वर्णन होतं. बाटली फिरवून पाहिली. शिक्का निळा-पिवळा. घटकांत वाइन व्हिनेगर, द्राक्षांचा आटवलेला रस आणि रंगासाठी कॅरमेल. असं व्हिनेगर लाकडात किमान ६० दिवस राहिलं तरी नियमाला चालतं. चिठ्ठीत वर्णन केलेला माल वेगळाच आहे. त्याला ‘त्रादिझिओनाले’ म्हणतात. तो फक्त शिजवलेल्या द्राक्षरसाचा करतात, किमान १२ वर्षं मुरवतात, त्यावर लाल-पिवळा शिक्का असतो आणि मोडेनाचा असेल तर तो १०० मिलिलिटरच्या ठरावीक बुटक्या गोल बाटलीतच मिळतो. त्या एका बाटलीची किंमत आख्ख्या बॉक्सपेक्षा जास्त असते. आलेलं व्हिनेगर वाईट नव्हतं, कोशिंबिरीत रोज वापरावं असं होतं. पण चिठ्ठी खोटी होती. कंपनीला लिहिलं, गोलमोल उत्तर आलं आणि तो बॉक्स आम्ही बंद केला.

ऑलिव्ह तेलाचंही असंच. बाटलीवर इटलीचं चित्र असलं तरी मागे बारीक अक्षरांत ‘युरोपीय संघातील तेलांचं मिश्रण’ असं छापलेलं असतं. मूळ देश लिहिणं एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाला युरोपात सक्तीचं आहे, म्हणून ती ओळ सापडतेच. फळं कोणत्या वर्षी तोडली हे लिहिलेलं असेल तर उत्तमच.

शाकाहारी घरांसाठी

भारतासारखा हिरवा ठिपका युरोपात नाही. अमेरिकेत आलेल्या पाकिटावर इंग्रजी पोषणतक्त्याचा पांढरा स्टिकर असतो आणि कधीकधी तो मूळ मजकुरावरच चिकटवलेला असतो. अशा वेळी शाकाहारी माणसाने चार गोष्टी शोधाव्यात. जिलेटिन: जर्मनीत बनणाऱ्या हरिबोच्या अस्वलांमध्ये ते डुकराचं असतं. ई १२०: कीटकापासून काढलेला लाल रंग. ई ९०४: लाखेची चकाकी. ई ४७१: हे वनस्पतीचंही असू शकतं, प्राण्याचंही. चीज खाणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावं की पार्मिजानो रेज्जानोसाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरणं नियमानेच सक्तीचं आहे. त्यामुळे शाकाहारी पार्मिजानो असा प्रकारच नाही. काही चॉकलेटांत दारू असते. इटालियन मों शेरीच्या पोटात चेरीसोबत मद्य भरलेलं असतं. मुलांच्या हातात बॉक्स देण्याआधी एवढं पाहून घ्यावं. पिवळ्या-हिरव्या ‘व्ही’ चिन्हाचा माल असेल तर शोधाशोध वाचते.

मिठाचा हिशेबही वेगळा. युरोपात १०० ग्रॅममागे मीठ लिहितात, अमेरिकेत एका वाढणीमागे सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. घरात रक्तदाबाचं पथ्य असेल तर हे गणित हाताशी असू द्यावं.

वर्गणी सुरू करताना, बंद करताना

पहिला बॉक्स निम्म्या किमतीत मिळतो आणि वर्षभराची वर्गणी त्यालाच जोडलेली असते, ही या धंद्याची ठरलेली चाल आहे. वर्गणी जितक्या सहज सुरू होते तितक्याच सहज बंद करता यावी, असा नियम अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये केला. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे गिऱ्हाइकालाच सावध राहावं लागतं. मासिक वर्गणीच घ्यावी, बंद करण्याचं पान आधी शोधून ठेवावं आणि पुढच्या कपातीची तारीख कॅलेंडरवर लिहावी. भारतात या बाबतीत गिऱ्हाइकाची बाजू बरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गणीच्या सापळ्याची गणना गैरव्यवहारांत केली आहे.

भारतात राहणाऱ्यांनी मात्र परदेशातून असा बॉक्स मागवण्याच्या फंदात पडू नये. भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या मालाची जकातमुक्त आयात डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी यांचा. विकत मागवला तरी जकात भरावी लागते. त्यापेक्षा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी किंवा मोठ्या किराणा दुकानांत आयात माल पाहून घेता येतो. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह यांचा स्टिकर असेल तरच घ्यावं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनस्टाइन यांच्याशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे; स्विस चॉकलेटवरची जकात टप्प्याटप्प्याने उतरेल तसा त्याचा फायदा दुकानातच मिळेल.

मग घ्यावा का?

लहान गावात, युरोपीय दुकानांपासून लांब राहत असाल, घरात मुलं असतील आणि नवं चाखायची हौस असेल, तर चांगल्या बॉक्सइतकी सोय दुसरी नाही. भेट म्हणूनही तो शोभतो. पण मोठ्या शहराजवळ राहणाऱ्यांनी काही महिन्यांत बॉक्सकडून शिकून घ्यावं आणि मग दुकान गाठावं. नेवार्कच्या आयर्नबाउंड भागात फेरी स्ट्रीटवर पोर्तुगीज माल आहे, ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंटमध्ये पोलिश, ब्राँक्सच्या आर्थर अ‍ॅव्हेन्यूवर इटालियन, अ‍ॅस्टोरियात ग्रीक. आल्डी आणि लिडल या जर्मन दुकानांत नाताळाच्या सुमारास लेबकुखनही मिळतं. बॉक्समधून ओळख झालेले सार्डिन आता आम्ही फेरी स्ट्रीटवरूनच आणतो. स्वस्त पडतात, आणि कुठला डबा चांगला ते काउंटरमागचा माणूस स्वतः सांगतो.

बॉक्स निवडताना माझ्या कसोट्या चारच आहेत. प्रत्येक वस्तूमागे करणाऱ्याचं नाव आणि गाव दिलेलं आहे का? मुदतीची तारीख निदान तीन महिने पुढची आहे का? शाकाहार आणि ॲलर्जी यांविषयी आधी विचारलं जातं का? आणि वर्गणी एका फटक्यात बंद करता येते का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर दोन पैसे जास्त पडले तरी हरकत नाही, कारण ते पैसे त्या कारखान्यापर्यंत आणि त्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता तिथेच आहे. एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर कार्डाचा क्रमांक देऊ नये.